मुरलेल्याची तुलना

'मुरणे' हे क्रियापद मराठीत नसते, तर जुन्या वाइनविषयी मराठीत लिहिण्याचे धाडस आम्ही केले नसते. फळ पिकते, बुद्धी पक्व होते, जुने तर काहीही होते. मुरते ते लोणचे, मुरंबा आणि क्वचित एखादा माणूस. मुरण्यात नुसता काळ जात नाही. वेगवेगळे घटक आपापला तोरा टाकून एकमेकांत उतरतात. महिन्याभराच्या लोणच्यात मीठ, मोहरी, हिंग, कैरी यांची हजेरी घेता येते. वर्षभराने ती घेता येत नाही, आणि घ्यावीशीही वाटत नाही. दक्षिण युरोपातील ज्या थोड्या लाल वाइन वीस-पंचवीस वर्षे बाटलीत राहूनही जिवंत असतात, म्हणजे इटलीची बारोलो, स्पेनची रिओखा, प्रोव्हान्सची बांदोल, ग्रीसची नाऊसा, त्यांच्याबाबत नेमके हेच घडते. म्हणूनच त्यांना रांगेत उभे करून, घटकाघटकाला गुण देत केलेली तुलना आम्हांला मुळातच चुकीची वाटते. तुलना अवश्य व्हावी. पण ती जेवताना, सावकाश आणि क्रमांक न लावता. हे मत आम्ही रसिकतेचा विलास म्हणून मांडत नाही. तुलनेच्या चुकीच्या रीतीने या वाइनचे प्रत्यक्ष नुकसान केलेले आहे, आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना ते नुकसान ओळखीचे वाटावे अशी आमची अटकळ आहे.

थोडे रसायन आधी सांगणे भाग आहे. लाल वाइनला रंग येतो तो द्राक्षाच्या सालीतून, आणि तिचा तुरटपणा येतो साल, बिया व लाकडी पिंपातून आलेल्या टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसते आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. या संवेदनेशी परिचय करून द्यायला युरोपीय लेखकांना बरेच शब्द खर्च करावे लागतात. जांभूळ, आवळा, हिरडा आणि कच्चे केळे यांच्या कृपेने आपल्याकडे शाळकरी मुलालाही 'तुरट' म्हणजे काय ते ठाऊक असते, आणि आयुर्वेदाने तर कषायाला षड्रसांत मानाची जागा दिलेली आहे. (आजचे शास्त्रज्ञ तुरटपणाला चव न म्हणता स्पर्श म्हणतात. तोंडात एवढे रामायण घडत असताना हा वाद आम्हांला गौण वाटतो.) बाटलीत वर्षे जातात तसे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होतो, फळाचा वास मागे सरतो आणि चामडे, तंबाखू, वाळलेला पाचोळा, ओलसर मातीतील अळंबी अशा वासांना वाट मिळते. जुन्या बारोलोत डांबर आणि गुलाब एकत्र भेटतात असे सर्वच जाणकार सांगतात. ऐकताना विनोदी वाटते, पेला नाकाशी नेल्यावर वाटत नाही. आंबटपणा मात्र फारसा हलत नाही. तो कणा आहे. ज्या वाइनमध्ये तो नसतो ती म्हातारी होते, मुरत नाही.

आता तुलनेचा इतिहास. लंडनच्या 'डिकँटर' मासिकाने १९७८ साली काबेर्ने सोव्हिन्यो या द्राक्षाच्या अनेक देशांतील वाइन एकत्र चाखवल्या, तेव्हा तोस्कानातील १९७२ ची सासिकाया पहिली आली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये 'गो-मियो' या प्रकाशनाने भरवलेल्या वाइनच्या ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या तोर्रेस घराण्याच्या १९७० च्या वाइनने शातो लातूरच्या १९७० च्या वाइनला मागे टाकले. (या लातूरचा मराठवाड्याशी काही संबंध नाही, पण आमच्यातील एकाला ही बातमी वाचताना उगीच पराभव झाल्यासारखे वाटते.) या दोन्ही घटना 'दक्षिणेने उत्तरेला हरवले' अशा थाटात सांगितल्या जातात. पण हरवले कोणी? काबेर्ने सोव्हिन्यो हे बोर्दोचे द्राक्ष. सासिकाया आणि तोर्रेसची ती वाइन या दोन्ही बोर्दोचे द्राक्ष आपल्या मातीत लावून झालेल्या. म्हणजे मैदान बोर्दोचे, नियम बोर्दोचे, आणि खेळाडूने कपडेही बोर्दोचेच घातलेले. जिंकला तो खेळाडू नव्हे, जिंकला तो निकष. नेब्बिओलो, तेंप्रानियो, मूर्वेद्र, क्सिनोमाव्रो यांना या स्पर्धेत उतरण्याची सोयच नव्हती.

इंग्रजी कादंबरीच्या मापाने मराठी कादंबरी मोजण्याची सवय आपल्याकडे किती पिढ्या टिकली हे वाचकांना सांगायला नको. त्या मापात बसणारी कृती 'आपणही मागे नाही' याचा पुरावा म्हणून मिरवली जाते, आणि न बसणारी 'तंत्रात कच्ची' ठरते.

ही केवळ प्रतिष्ठेची गोष्ट असती तर आम्ही ती सोडून दिली असती. परंतु समीक्षेची रीत बदलली की वस्तूही बदलते. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९७८ साली आपले वार्तापत्र सुरू केले आणि शंभरांपैकी गुण देण्याची पद्धत लोकप्रिय केली. एका बैठकीत अनेक वाइन, प्रत्येकीचे एक-दोन घोट, ते थुंकून टाकायचे, आणि मग आकडा. अशा बैठकीत कोण उठून दिसणार? गडद रंगाची, फळाने ओसंडणारी, नव्या ओकचा गोड व्हॅनिलासारखा वास असलेली, तुरटपणा आधीच मवाळ करून घेतलेली वाइन. फिकट, आंबट, तुरट, पहिल्या भेटीत मान वळवून बसणारी नेब्बिओलो तिथे मागच्या बाकावरच जाणार. आकड्यामागोमाग किंमत गेली आणि किमतीमागोमाग वाइन करण्याची रीत.

बारोलोत या बदलाचे अक्षरशः युद्ध झाले. तिथली जुनी रीत म्हणजे स्लाव्होनियातील ओकची प्रचंड पिंपे आणि त्यांत वर्षानुवर्षांचा मुक्काम. एलिओ आल्तारे या तरुण उत्पादकाने १९८३ साली वडिलांची ती पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली आणि २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपे, म्हणजे बारिक, आणली. वडिलांनी त्याला वारशातून दूर केले. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हा वृद्ध परंपरावादी आपल्या बाटल्यांची लेबले हाताने रंगवत बसे, आणि त्यातल्या एका लेबलावर त्याने बारिक आणि बर्लुस्कोनी या दोघांनाही एका दमात नकार दिला होता. तो २००५ साली वारला. आमचा ओढा मास्कारेल्लोकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण आल्तारेलाही न्याय द्यायला हवा. त्या टेकड्यांवर तेव्हा गरिबी होती, अनेक तळघरांतील पिंपे जुनाट आणि अस्वच्छ होती, आणि 'परंपरा' या नावाखाली बिघडलेली वाइनही खपवली जात होती. आपल्याकडील 'देशी' परंपरेच्या कैवाऱ्यांनी हा भाग वाचताना डोळे मिटू नयेत. पुढे कित्येक उत्पादक मोठ्या पिंपांकडे परतले, पण परतताना स्वच्छतेचे धडे बरोबर घेऊन परतले.

रिओखाची कथा आणखी गुंतागुंतीची, आणि आमच्या मते अधिक शिकण्यासारखी आहे. तिथे छोटी पिंपे हीच परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोर्दोची रीत तिथे पोचली. फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केल्यावर बोर्दोचे व्यापारीही आले, आणि आरो गावाच्या रेल्वे स्थानकाभोवती वखारी उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया हे १८७७ साली स्थापन झालेले घराणे आजही तिथेच आहे आणि पिंपे स्वतःच्या आवारात बनवते. परंतु स्पेनने उसनी रीत उसनी ठेवली नाही. फ्रेंच ओकऐवजी अमेरिकन ओक आला, काही महिन्यांऐवजी कित्येक वर्षे आली. 'ग्रान रेसेर्व्हा' म्हणवून घ्यायचे तर आजही एकूण किमान पाच वर्षे, त्यांपैकी निदान दोन पिंपात आणि दोन बाटलीत, असा नियम आहे. उसने घेतलेले तिथे इतके मुरले की ते उसने होते हेच लोक विसरले. 'आपले' आणि 'परके' यांचा हिशेब मांडणाऱ्यांना रिओखा फार अडचणीचा प्रदेश आहे.

आता जेवणाकडे. २०२३ च्या डिसेंबरात तूरिन येथे राहणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांच्या घरी चार बाटल्या उघडण्याचा योग आला : २००१ ची रिओखा ग्रान रेसेर्व्हा, २००४ ची बारोलो, १९९८ ची बांदोल आणि २००५ ची नाऊसा. पाचवीही होती, पण तिचे बूच बाधलेले निघाले. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि ती मोरीत गेली. यजमान मुळात अभियंते. त्यांनी आमच्या हाती कागद देऊन संध्याकाळी सात वाजता, काहीही न खाता, वीसपैकी गुण मागितले. जन्मभर इतरांच्या उत्तरपत्रिकांवर गुण टाकलेल्या आम्हा मंडळींनी ते काम निमूटपणे आणि, खोटे कशाला बोला, आनंदाने केले. निकाल असा : रिओखा पहिली, कारण तिचा वास नारळाच्या वडीसारखा, जुन्या कपाटासारखा, तत्काळ प्रेमात पाडणारा, बांदोल दुसरी, बारोलो तिसरी, कारण ती तुरट आणि अबोल, नाऊसा शेवटची. नाऊसापुढे एकाने 'पाणचट, आंबट' असा शेराही लिहिला.

नऊ वाजता जेवण सुरू झाले. वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेले गोमांस हा त्या प्रांताचा खास पदार्थ, 'ब्राझातो'. मांस न खाणाऱ्यांसाठी टोमॅटोत शिजवलेली वांगी, अळंब्या आणि पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा म्हणा. शेवटी कास्तेल्मान्यो नावाचे कोरडे, भुसभुशीत चीज. पहिल्या दहा मिनिटांतच सातच्या निकालाची घडी मोडली. टोमॅटो आणि वांग्याबरोबर नाऊसा अशी काही जागी झाली की 'पाणचट' लिहिणारा कागद खिशात गेला. क्सिनोमाव्रो या नावाचा अर्थच मुळी 'आंबट-काळे'. तो आंबटपणा टोमॅटोच्या आंबटपणाला भेटला आणि दोन्ही आंबटपणे नाहीसे झाले. मागे उरला उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचा, ऑलिव्हचा, किंचित मसाल्याचा दरवळ. बारोलोचा तुरटपणा मांसातील प्रथिनांनी आणि चरबीने आपल्याकडे ओढून घेतला. जिभेवरचा पहारा उठल्यावर ती बोलू लागली, आणि दहाच्या सुमारास, उघडून तीन तास झाल्यावर, तिच्यातला गुलाब आम्हांला पहिल्यांदा सापडला. बांदोल मिठाबरोबर मऊ झाली. यजमानांनी प्रेमाने सांगलीहून आणवलेले मिरचीचे लोणचे मात्र एकाने पुढे ओढले आणि तिखटापाठोपाठ घेतलेला बांदोलचा घोट तोंडात काथ चघळल्यासारखा झाला. मुरलेल्या दोन गोष्टींचे एकमेकींशी जमतेच असे नाही.

रिओखाचे काय झाले? ती उत्तमच राहिली. पण ब्राझातोच्या शेजारी ती गप्प झाली, आणि चीज येईपर्यंत गप्पच होती. तिच्या प्रांतात द्राक्षवेलीच्या वाळल्या काटक्यांवर कोवळ्या मेंढीच्या बरगड्या भाजतात. ते ताट तिच्यासमोर नव्हते. हा तिचा दोष मानायचा का? सातच्या कागदावर जी पहिली होती तिला आम्ही नऊच्या जेवणात परक्या गावात एकटी बसवले होते. बाटल्या रिकाम्या होण्याचा क्रम असा : नाऊसा, बारोलो, बांदोल, रिओखा. गुणांचा क्रम बरोबर उलटा झाला. पण म्हणून रिओखा चौथी, असा नवा कागद कोणी लिहिला नाही, कारण तोवर प्रश्नच बदलला होता. सातला आम्ही 'कोण श्रेष्ठ?' असे विचारत होतो. अकराला 'ही कशाजवळ, केव्हा आणि किती वेळाने बोलते?' असे विचारत होतो. दुसऱ्या प्रश्नातही तुलना आहे. किंबहुना खरी तुलना तिथेच आहे. नाऊसा शेजारी नसती तर बारोलोचा आंबटपणा आम्हांला ऐकूच आला नसता.

याला एक सबळ आक्षेप आहे. जेवण, मैत्री, गप्पा, लेबल, यजमानांची भीड या सगळ्यांनी मत गढूळ होते. निर्मळ मत हवे तर डोळे बांधावेत. आक्षेप खोटा नाही. मोरो, ब्रोशे आणि द्युबूर्दियो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या बोर्दोतील प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. आपल्या व्यवसायात कवितेखालचे नाव वाचून कवितेत 'प्रगल्भता' दिसू लागणे हा तोच प्रयोग, रोज चाललेला. तेव्हा लेबल झाकण्याला आमचा विरोध नाही. आम्हीही त्या रात्री बाटल्यांना कापड गुंडाळायला हवे होते असे वाटते. पण डोळे बांधले म्हणजे जीभ निःपक्षपाती होते हा समज मात्र टिकणारा नाही. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील राज्य मेळ्यात परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतील वाइन तीनदा चाखायला दिली, आणि २००८ साली निष्कर्ष छापले. तीनही वेळा साधारण एकाच श्रेणीत गुण देणारे परीक्षक निघाले सुमारे दहा टक्के. लेबल झाकलेलेच होते. आकडा डळमळीत होता, कारण घोटाला आकडा चिकटवण्याची क्रियाच डळमळीत आहे. उत्तरपत्रिकांचे पुनर्मूल्यांकन ज्यांनी केले आहे त्यांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

शिवाय काही वाइनची कीर्ती स्पर्धेने नव्हे, पंगतीने झालेली आहे. १९६९ साली लंडनच्या इटालियन वकिलातीत राष्ट्राध्यक्ष सारागात यांनी राणी एलिझाबेथ यांना दिलेल्या मेजवानीत बियोंदी-सान्ती घराण्याची १९५५ ची ब्रुनेल्लो वाढली गेली, आणि मोंताल्चिनो या तोवर आडबाजूच्या गावाकडे जगाचे लक्ष वळले. बांदोलचे उदाहरण याहून आम्हांला प्रिय आहे. तिथल्या दोमेन ताँपिए या मळ्याच्या लुलू पेरो या २०२० साली १०२ व्या वर्षी वारल्या. मूर्वेद्र हे उशिरा पिकणारे, हट्टी द्राक्ष बांदोलमध्ये परत मानाला आणले ते त्यांच्या पतीने, ल्युसियाँ पेरो यांनी. पण ते कशासाठी आणले हे पाहुण्यांना पटवले ते लुलूबाईंच्या स्वयंपाकघराने. रिचर्ड ओल्नी या लेखकाने १९९४ साली त्यांच्या पाककृतींवर अख्खे पुस्तक लिहिले. वाइनची समीक्षा चुलीसमोर उभे राहून करता येते, हे त्यांच्याइतके कोणी सिद्ध केले असेल असे वाटत नाही.

आपल्या परंपरेला यात अपरिचित काहीच नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रस समजावताना दृष्टान्त घेतला तो नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न मनाने खाणाऱ्याचा. पुढे पानकरसन्याय आला : गूळ, मिरी वगैरे मिळून झालेल्या पेयात त्या-त्या द्रव्यांची चव वेगळी काढून दाखवता येत नाही, तरी ती सर्व तिथे असतात. 'चर्वणा' हा शब्दही चघळण्यातून आलेला. घोट थुंकण्याच्या बैठकीतून तो कधीच निघाला नसता. एवढे असून आमच्या प्रश्नपत्रिकेत 'पुढील दोन कवितांची तुलना करा' या प्रश्नाला दहा गुण असतात, आणि विद्यार्थी उभी रेघ मारून डावीकडे-उजवीकडे प्रतिमा, भाषा, आशय यांची हजेरी घेतात. रेघ मारायला त्यांना आम्हीच शिकवले आहे. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जे मावते तेच लिहिण्याकडे उद्याचा कवी वळेल की काय, ही शंका बारोलोच्या कापलेल्या पिंपांनी आमच्या मनात घातली, आणि ती अजून निघालेली नाही.

कोणाला असा प्रयोग करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बाटल्या तीन पुरेत, चार फार झाल्या. गाळ खाली बसावा म्हणून त्या आदल्या दिवशीच उभ्या कराव्यात, आणि तळचे दोन बोटे तसेच सोडावे. नेब्बिओलोला दोन-तीन तास हवा लागू द्यावी. अगदी जुन्या, नाजूक रिओखाला मात्र नाही, ती पेल्यातच उमलते आणि तासाभरात मावळू शकते. आपल्या घरांतील तापमान या वाइनसाठी फार, तेव्हा बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवण्यात काही कमीपणा नाही. मिरची दूर. कागद-पेन्सिलही दूर, निदान चीज येईपर्यंत. पाण्याचा तांब्या मात्र हाताशी असावा.